शून्य कुठे आहे : अर्जापूर्वीच्या आठ महिन्यांच्या प्रकल्प नोंदी

३ जून

पुढील जानेवारीत पदवी अभ्यासक्रमासाठी अर्ज भरायचा आहे आणि एरोस्पेस अभियांत्रिकी की खगोलभौतिकी, याचा निर्णय अद्याप झालेला नाही. दोन्ही विषयांच्या माहितीपत्रकांत अवकाशाची छायाचित्रे सारखीच असतात, आतला अभ्यास मात्र फार वेगळा असतो. एरोस्पेसमध्ये रचनांचे बळ, वायुगतिकी, प्रणोदन आणि नियंत्रण यांवर भर असतो. खगोलभौतिकी म्हणजे मुख्यतः भौतिकशास्त्र आणि गणित, आणि त्यानंतर दुसऱ्या कुणाच्या तरी उपकरणाने गोळा केलेल्या आकड्यांवर संगणकासमोर बसून केलेले काम. आपल्याला यांपैकी काय आवडते हे वाचून कळत नाही, म्हणून दोन्हीकडचे एकेक काम स्वतः करून पाहायचे ठरवले आहे.

कामाची निवड करताना तीन अटी घातल्या. एक तरी राशी स्वतः मोजता यावी, तिची तुलना करण्यासाठी सिद्धांतातून किंवा प्रसिद्ध निरीक्षणांतून मिळालेला आकडा हाताशी असावा, आणि सगळे काम मला समजेल इतके लहान असावे. व्याख्यानांना बसून मिळणारी प्रमाणपत्रे माझ्याकडे चार आहेत. ती वाईट नाहीत, पण त्यांतल्या एकाबद्दलही मला कुणी दुसरा प्रश्न विचारला तर उत्तर देता येणार नाही.

नोंदवहीचा नियम एवढाच की कच्चे वाचन आधी शाईने लिहायचे आणि त्यावरून काढलेला आकडा नंतर, वेगळ्या रकान्यात. खाडाखोड करायची नाही, चुकलेल्या ओळीवर एकच रेघ मारायची.

१९ जून

ओळखीतून एका लहान यंत्रशाळेत दोन आठवडे बसण्याची परवानगी मिळाली. तिथे विमानाशी संबंधित काहीही होत नाही, पंपांचे दांडे आणि बुशिंग तयार होतात. पहिले तीन दिवस मी फक्त मापे घेतली. तयार दांड्याचा व्यास आराखड्यातील मर्यादेत आहे की नाही, एवढेच पाहायचे होते आणि ती मर्यादा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात दिलेली होती.

तपासणीच्या टेबलावर बसणारे काका दर वेळी मायक्रोमीटरचे जबडे पुसून बंद करत आणि रेघ शून्यावर येते का ते पाहत. मी तिसऱ्या दिवशी ते टाळले आणि सलग बारा दांडे नापास केले. काकांनी माझ्या हातातील मायक्रोमीटर घेऊन बंद केला, तेव्हा जबड्यांत पत्र्याचा बारीक कीस अडकलेला दिसला. ‘आधी शून्य बघ, मग माप,’ एवढेच ते म्हणाले आणि बाराही दांडे पुन्हा माझ्यासमोर ठेवले. बाराही बरोबर होते.

७ जुलै

एरोस्पेसच्या बाजूचे काम ठरले : पाण्याच्या रॉकेटचा रेटा मोजण्याचे स्टँड. रॉकेट उडवणे सोपे आणि आनंदाचे असले तरी उड्डाणातून नेमके काही मोजणे अवघड असते. जमिनीला बांधलेले रॉकेट मात्र सगळे सांगते, खऱ्या इंजिनांची परीक्षाही आधी स्टँडवरच होते.

सिद्धांत एका पानात मावतो. बाटलीतील हवेचा दाब वातावरणापेक्षा जितका जास्त, त्याच्या दुपटीला तोटीच्या क्षेत्रफळाने गुणले की रेटा मिळतो. दोन लिटरच्या बाटलीचे पूर्ण तोंड सुमारे २२ मिलिमीटरचे असते. ३ बार दाबाला त्यातून सुमारे २३० न्यूटन रेटा मिळेल, पण ६०० मिलिलिटर पाणी ०.०८ सेकंदात संपेल. इतक्या कमी वेळात माझी साधने काहीच पकडू शकणार नाहीत. म्हणून बागेच्या नळीचा ९ मिलिमीटर भोकाचा जोड तोटी म्हणून घेतला. आता सुरुवातीचा रेटा सुमारे ३८ न्यूटन येतो आणि पाणी जवळजवळ ०.४७ सेकंद टिकते.

पाणी बाहेर पडताना हवा प्रसरण पावते आणि तिचा दाब उतरतो. हे इतक्या झटपट घडते की बाहेरून उष्णता आत येण्यास सवड मिळत नाही, म्हणून प्रसरण समोष्ण (तापमान कायम राहणारे) न मानता रुद्धोष्ण (उष्णतेची देवाणघेवाण नसलेले) मानावे लागते. १.४ लिटर हवा २ लिटर होईपर्यंत ४ बार निरपेक्ष (वातावरणाचा १ बार धरून) दाब २.४३ बारपर्यंत उतरतो. पाणी बाहेर पडण्याचा वेग सुरुवातीला सेकंदाला २४.५ मीटर आणि शेवटी १६.९ मीटर. एकूण आवेग, म्हणजे रेटा गुणिले तो टिकण्याचा वेळ, १२.२ न्यूटन-सेकंद आला. समोष्ण मानून केलेल्या गणितात तो १२.९ येतो. दोन्ही आकडे आजच्या तारखेने लिहून ठेवले आहेत, म्हणजे मोजमाप झाल्यावर सोयीचा आकडा निवडण्याचा मोह होणार नाही.

२ ऑगस्ट

स्टँड उभे राहिले. पहिल्या आराखड्यात बाटली लोडसेलला, म्हणजे बल मोजणाऱ्या संवेदकाला, दोरीने टांगली होती. मैत्रिणीने आराखडा पाहताच विचारले की रेटा वरच्या दिशेने आहे, तर दोरी वर कशी ढकलणार? उत्तर नव्हते. पाणी तोटीशी राहावे म्हणून बाटलीचे तोंड खालीच हवे, त्यामुळे रेटा वरच येणार. शेवटी बाटली दोन कड्यांनी पट्टीला घट्ट आवळली आणि पट्टी लोडसेलला बोल्टने जोडली. हा दांडीच्या आकाराचा १० किलोचा लोडसेल खेच आणि दाब दोन्ही मोजतो.

बाटली पाण्याने काठोकाठ भरून ४.५ बारवर दहा मिनिटे ठेवली. पाणी दाबले जात नसल्याने त्यात ऊर्जा फार थोडी साठते आणि बाटली फुटली तरी ती नुसती गळते. हीच परीक्षा हवेने केली असती तर ते धोक्याचे होते. प्रत्यक्ष चाचणी ३ बारच्या वर न्यायची नाही, मोठ्या माणसाशिवाय पंप मारायचा नाही आणि बूच लांब दोरीनेच ओढायचे, हे नियम स्टँडवरच लिहून चिकटवले आहेत.

प्रयोगशाळेतील १ ते ५ किलोची वजने टांगून लोडसेलचे कॅलिब्रेशन केले. आलेख सरळ रेषेत आला.

१६ ऑगस्ट

पहिली चाचणी झाली. आवाज मोठा झाला, पाणी सर्वत्र उडाले आणि संगणकावर पाच बिंदू मिळाले. एचएक्स७११ ही लोडसेलची चिप सेकंदाला १० वाचने देते, हे मला माहीत होते. अर्ध्या सेकंदाला ती पाचच पडतील, हा गुणाकार मात्र केला नव्हता.

२३ ऑगस्ट

ही चिप सेकंदाला ८० वाचनेही देऊ शकते. त्यासाठी तिची १५ क्रमांकाची पिन वरच्या व्होल्टेजला जोडावी लागते, आणि माझ्या पट्टिकेवर ती शून्य व्होल्टेजला (ग्राउंडला) डाखलेली होती. तांदळाच्या दाण्याहून बारीक पिन सुईने उचलून तिला केसासारखी तार डाखण्यात संपूर्ण दुपार गेली, एक चिप जळाली, दुसरी टिकली. संध्याकाळच्या चाचणीत प्रथमच रेट्याचा खरा आकार दिसला. उभा कडा, मग हळूहळू उतरणारा माथा आणि पाणी संपताच एकदम पडणारी धार. मी तो आलेख छापून भिंतीला लावला.

३० ऑगस्ट

आज पाच चाचण्या झाल्या आणि पाचही एकमेकींच्या जवळ आल्या. आलेखाखालील क्षेत्रफळ, म्हणजे एकूण आवेग, सरासरी १३.० न्यूटन-सेकंद भरले. मैत्रीण खूश झाली, कारण अपेक्षित १२.२ च्या ते अगदी जवळ होते. मला मात्र झोप आली नाही. १२.२ या आकड्यात घर्षण नाही, तोटीतील तोटे नाहीत, काहीच वाया गेलेले नाही. खरे मोजमाप त्याच्या खाली यायला हवे, आणि इथे ते वर आले होते. समोष्ण मानून येणारा १२.९ हा आकडासुद्धा आम्ही ओलांडला होता.

अशा वेळी ‘प्रायोगिक चूक’ असे लिहून पुढे जाण्याची सवय शाळेतील प्रयोगवह्यांनी लावलेली आहे. प्रयोगातील चूक कोणत्या दिशेने जाते याचा विचार त्या वह्यांत कधी करावा लागला नाही.

६ सप्टेंबर

कारण सापडले, आणि ते सबंध आठवडा भिंतीवर टांगलेले होते. रेटा संपल्यावर आलेख शून्यावर परत येतच नाही, तो सुमारे ५.९ न्यूटनवर येऊन थांबतो आणि तिथेच सपाट राहतो. मी त्या सपाट भागाला ‘चाचणी संपली’ असे म्हणून कधी नीट पाहिलेच नव्हते. ५.९ न्यूटन म्हणजे ०.६ किलो, म्हणजे नेमके बाहेर गेलेले पाणी.

प्रत्येक चाचणीपूर्वी मी पाण्याने भरलेली बाटली लावून लोडसेल शून्यावर आणत होते. पाणी बाहेर पडू लागले की बाटली हलकी होते आणि लोडसेलवरील खेच कमी होते. त्याला ते अगदी वर ढकलणाऱ्या रेट्यासारखेच वाटते. म्हणजे माझे शून्य पहिल्या क्षणी खरे होते, शेवटच्या क्षणी ५.९ न्यूटनने खोटे होते आणि मधल्या काळात ते पाण्याबरोबर सरकत होते. कुठल्या क्षणी किती पाणी गेले होते याचा अंदाज घेऊन ही वाढ वजा केली, तेव्हा सुमारे १.६ न्यूटन-सेकंद कमी झाले. आवेग ११.४ उरला, आदर्श आकड्याच्या ९३ टक्के.

हा आकडा पहिल्यापेक्षा सिद्धांतापासून दूर आहे आणि तरीही तो मला अधिक पटतो. मैत्रिणीला हे समजावायला बराच वेळ लागला. तिचे म्हणणे असे की १३.० लिहिले असते तर कुणालाच कळले नसते. ते खरे आहे, पण आलेख जोडला असता तर कुणाला तरी ५.९ वरची ती सपाट रेघ नक्कीच दिसली असती.

२८ सप्टेंबर

हौसेखातर चार उड्डाणे केली. ओपनरॉकेट या मोफत प्रणालीत आराखडा घालून दाबकेंद्र (हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू) गुरुत्वमध्याच्या मागे एका व्यासाइतके ठेवले. पंख कापण्यात गडबड झाल्याने पहिले रॉकेट गिरक्या घेत आडवे पडले, उरलेली तीन सरळ गेली. उंची मोजण्यासाठी नाकात दाबमापक संवेदक बसवला होता. जमिनीजवळ एक मीटर वर गेल्यावर दाब सुमारे १२ पास्कलने उतरतो, आणि हवामानामुळे दाब एका तासात १०० पास्कल बदलला तर तो संवेदक जागच्या जागी ८ मीटर उडतो. त्यामुळे प्रत्येक उड्डाणाच्या लगेच आधी जमिनीवरचे वाचन नव्याने घेतले.

ऑक्टोबर परीक्षेत गेला.

१३ नोव्हेंबर

आता आकाशाकडचे काम. दुर्बीण नाही आणि ती मागण्याची इच्छाही नाही, कारण ययाती तारकासमूहातील अलगोल हा तारा डोळ्यांनी मोजता येतो. एरवी तो २.१ प्रतीचा असतो (प्रत म्हणजे तेजाचे माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंदावत ३.४ प्रतीपर्यंत जातो आणि पुन्हा उजळतो. हा सगळा प्रकार सुमारे दहा तास चालतो. एक तारा दुसऱ्यासमोर आल्याने असे होते. १७८३ मध्ये जॉन गुडरिक यांनी हा काळ मोजून रॉयल सोसायटीला कळवला आणि काहीतरी मोठे काळे पिंड ताऱ्यासमोर येत असावे, अशी एक शक्यता मांडली, तेव्हा ते १८ वर्षांचे होते आणि त्यांना ऐकू येत नव्हते. त्यांची साधने म्हणजे डोळे, घड्याळ आणि वही, म्हणजे माझीच.

आजच्या ग्रहणाचा मध्य गणिताने रात्री १० वाजून १९ मिनिटांनी येणार होता. साडेसातपासून एक वाजेपर्यंत दर वीस मिनिटांनी शेजारच्या ताऱ्यांशी तुलना केली. पद्धत अशी की अलगोलपेक्षा थोडा तेजस्वी आणि थोडा मंद असे दोन तारे निवडायचे आणि त्यांच्यामध्ये तो कुठे बसतो ते ठरवायचे. वरच्या बाजूला ययातीतील एप्सिलॉन घेतला, २.९ प्रतीचा. खालच्या बाजूला अलगोलच्या अगदी शेजारचा रो घेतला आणि यादीतून त्याची प्रत ३.४ लिहून घेतली. मानेला रग लागली, दोनदा ढग आले, तरी एकूण १६ वाचने मिळाली.

१६ नोव्हेंबर

पुढचे ग्रहण संध्याकाळी ७ वाजून ८ मिनिटांनी होते, म्हणजे उतरती बाजू उजेडात गेली आणि फक्त चढती हाती लागली. तेरा तारखेच्या चढत्या बाजूवर ती सरकवून बसवली असता दोन ग्रहणांमधील अंतर २ दिवस २० तास ३५ मिनिटे आले. चौदा मिनिटांचा फरक आहे. डोळ्याला ०.१ प्रतीचा फरक जेमतेम ओळखता येतो हे लक्षात घेता, तो मला मान्य आहे.

खटकते ते दुसरेच. तळाला अलगोल ३.४ चा व्हायला हवा होता, माझ्या वक्रात तो ३.१ च्या खाली गेलाच नाही.

२ डिसेंबर

रो हा तारा स्वतःच रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, आहे. त्याचे तेज साधारण ३.३ ते ४.० प्रतींच्या दरम्यान, सुमारे पन्नास दिवसांच्या सैलसर आवर्तनाने बदलते. अलगोलची तुलना त्याच्याशी करू नये, हा इशारा रूपविकारी ताऱ्यांचे निरीक्षण करणाऱ्या कुणीही पहिल्याच दिवशी दिला असता. मी विचारले नव्हते.

सुदैवाने नोंदवहीत नुसत्या प्रती लिहिलेल्या नाहीत. ‘रोपेक्षा तीन पायऱ्या तेजस्वी, त्रिकोणातील अल्फाइतका’ अशी मूळ वाक्ये आहेत (पायरी म्हणजे डोळ्याला जेमतेम ओळखता येणारा ०.१ प्रतीचा फरक). कंटाळा घालवण्यासाठी मी अधूनमधून त्रिकोण तारकासमूहाकडेही पाहिले होते. त्यातील बीटा ३.० प्रतीचा आणि अल्फा ३.४ प्रतीचा आहे. सोळापैकी नऊ वाचनांत यांपैकी एक तरी तारा आहे. ती नऊ नव्याने काढली तेव्हा वक्राचा तळ ३.४ वर गेला आणि त्या रात्री रो स्वतः ३.७ च्या आसपास असावा, असेही दिसले.

यातून एक बारकावा कळला, तो अर्जासोबत द्यायच्या निवेदनासाठी वेगळा लिहून ठेवते. तुलनेचा तारा चुकला तरी ग्रहणाची वेळ चुकली नाही, कारण रो एका रात्रीत बदलत नाही, त्याची चूक सगळ्या वाचनांत सारखीच शिरली. वक्राची खोली तेवढी बिघडली. स्टँडवर मात्र शून्य चाचणीच्या आतच सरकत होते, त्यामुळे वक्राचा आकारच बिघडला होता. दोन्ही चुका शून्याच्याच, पण उपाय वेगळे.

१४ डिसेंबर

टेस हे इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणारे अवकाशयान एप्रिल २०१८ मध्ये प्रक्षेपित झाले. ते आकाशाचा २४ बाय ९६ अंशांचा पट्टा सुमारे २७ दिवस न्याहाळते आणि मग पुढच्या पट्ट्याकडे वळते. त्याची निरीक्षणे सर्वांना खुली आहेत आणि लाइटकर्व्ह या पायथनमधील संचाने ती काही ओळींत उतरवता येतात. मी हॅट-पी-७ हा हंस तारकासमूहातील तारा निवडला. त्याचा ग्रह २००८ मध्ये सापडला, तो २.२ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो आणि ताऱ्यासमोरून जायला त्याला सुमारे चार तास लागतात. ग्रह ताऱ्याचा जेवढा भाग झाकतो तेवढा प्रकाश कमी होतो, म्हणून प्रकाशाच्या आलेखात पडणाऱ्या खाचेची खोली म्हणजे ग्रह आणि तारा यांच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराचा वर्ग. सूर्यासमोर गुरू आला तर ही खोली सुमारे १ टक्का भरते, पृथ्वी आली तर ०.००८ टक्के.

एका पट्ट्याच्या काळात बारा अधिक्रमणे, म्हणजे ग्रहाचे ताऱ्यासमोरून जाणे, बसतात. मधल्या काळात यान पृथ्वीकडे माहिती पाठवण्यात गुंतल्याने पडलेल्या खंडात एक गेले, अकरा मिळाली. ताऱ्याच्या प्रकाशात मंद चढउतार होते, म्हणून संचातील सपाट करण्याची आज्ञा तशीच वापरली आणि सगळी अधिक्रमणे एकावर एक रचली. खाच दिसली, पण ती जेवढी असायला हवी त्याच्या निम्मीही खोल नव्हती. शिवाय तिच्या दोन्ही कडांना लहान उंचवटे होते, जणू ग्रह समोर येण्याआधी तारा क्षणभर उजळतो.

पाणी संपल्यावर ५.९ वर थांबलेली रेघ एकदा पाहिलेली असल्याने हे उंचवटे मी ‘गोंगाट’ म्हणून सोडले नाहीत.

२१ डिसेंबर

सपाट करणारी आज्ञा प्रत्येक बिंदूच्या आजूबाजूची वाचने घेऊन त्यांतून एक गुळगुळीत वक्र काढते आणि त्याने मूळ प्रकाशाला भागते. किती वाचने घ्यायची हे सांगितले नाही तर ती १०१ घेते. माझी वाचने दर दोन मिनिटांची आहेत, म्हणजे खिडकी ३.४ तासांची झाली, आणि अधिक्रमण चार तासांचे आहे. त्या आज्ञेच्या दृष्टीने ग्रहाची खाच हाच ताऱ्याचा मंद चढउतार होता, तो तिने इमानेइतबारे पुसून टाकला. कडांजवळ वक्र खाचेत ओढला जात होता, त्याने भागल्यावर तिथे उंचवटे उभे राहिले.

खिडकी १००१ वाचनांची, म्हणजे सुमारे ३३ तासांची केली आणि वक्र काढताना अधिक्रमणाचा काळ झाकून ठेवला. उंचवटे गेले, खोली ०.६५ टक्के आली. वर्गमूळ ०.०८१. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे दुप्पट धरली तर ग्रह गुरूच्या १.५७ पट भरतो. प्रसिद्ध आकडे १.५ च्या आसपास आहेत. माझा आकडा वर का आला, याचे एक कारण माहीत आहे. ताऱ्याचे बिंब सगळीकडे सारखे तेजस्वी नसते. मध्यभाग कडेपेक्षा अधिक उजळ असतो, आणि ग्रह मध्याजवळ असताना आपल्या वाट्यापेक्षा जास्त प्रकाश अडवतो. तो परिणाम धरून प्रतिकृती बसवण्याचे गणित मला अजून येत नाही, म्हणून आकडा १.५७ असाच ठेवला आहे.

४ जानेवारी

निवेदनाचा पाचवा मसुदा. पहिला मसुदा लहानपणी गच्चीवरून पाहिलेल्या ताऱ्यांनी सुरू होत होता. तो वाचून भौतिकशास्त्राच्या सरांनी एकच प्रश्न विचारला, ‘हे वाक्य आणखी किती जणांनी लिहिले असेल?’ दुसऱ्या मसुद्यात केलेल्या गोष्टींची यादी होती, स्टँड, उड्डाणे, अलगोल, टेस, यंत्रशाळा, चार प्रमाणपत्रे. प्रत्येकीला एकेक ओळ मिळाली होती आणि कोणत्याच ओळीत काही घडत नव्हते.

आता निम्मे निवेदन ५.९ न्यूटनच्या त्या रेघेवर आहे. काय अपेक्षित होते, काय आले, का पटले नाही, कशाने उलगडले. त्याच्याच जोडीला सहा ओळींत टेसची खिडकी. अलगोल एका वाक्यात, प्रमाणपत्रे गेली, उड्डाणे गेली. गिरक्या घेणाऱ्या रॉकेटचे वर्णन काढताना वाईट वाटले, ते छान उतरले होते.

विषयाचा निर्णयही याच लिखाणात झाला. टेसवर काम करताना माझे बहुतेक प्रश्न त्या ग्रहाविषयी नव्हते. कॅमेरा इतका स्थिर कसा राहतो, माहिती पाठवण्यासाठी यान वळते तेव्हा तापमानाचे काय होते, दोन मिनिटांत नेमकी किती छायाचित्रे एकत्र केली जातात, हे प्रश्न होते. मला मोजल्या जाणाऱ्या गोष्टीपेक्षा मोजणारी गोष्ट अधिक ओढते, हे नोंदवही चाळताना स्पष्ट दिसते. एरोस्पेस अभियांत्रिकीला अर्ज करते आहे, अवकाशयानांवरील उपकरणांचा उल्लेख करून. खगोलभौतिकी दुसऱ्या पसंतीला ठेवली आहे.

१७ जानेवारी

सरांनी मुलाखतीचा सराव घेतला. निवेदन बाजूला ठेवून त्यांनी विचारले, ‘उरलेले ७ टक्के कुठे गेले?’ मी तयार होते. तोटीचे भोक ९ मिलिमीटर मानले होते, प्रत्यक्षात ते ८.८ आहे, त्यामुळे क्षेत्रफळ ४ टक्क्यांहून अधिक कमी भरते, असे सांगितले. सरांनी कागद पुढे सरकवला आणि एकूण आवेगाचे सूत्र लिहायला सांगितले. पाण्याचे वस्तुमान गुणिले बाहेर पडण्याचा सरासरी वेग. वेग दाबावर ठरतो. त्यात क्षेत्रफळ कुठेच नाही. अरुंद तोटीने रेटा कमी होतो, पण तितकाच जास्त वेळ टिकतो, आवेग तोच राहतो. चार महिने मी हे उत्तर पाठ करून बसले होते.

थोडा वेळ गप्प राहून मी सांगितले की मग वेग तरी कमी असला पाहिजे, किंवा शेवटचे थोडे पाणी हवेत मिसळून वाया जात असले पाहिजे, किंवा दाबच मी समजते तितका नव्हता. ‘यांतले तुला काय तपासता येईल?’ सरांनी विचारले. तिसरे, असे म्हणाले.

१८ जानेवारी

पंप कपाटातून काढला. नळी सोडवली, झडप उघडी ठेवली आणि दाबमापकाकडे पाहिले. आत-बाहेर सारखीच हवा असताना काटा ०.१५ बारवर उभा आहे. टिचकी मारली तरी तिथेच परततो.

म्हणजे ३ बारची प्रत्येक चाचणी २.८५ बारची होती. गणित पुन्हा केले : ११.९ न्यूटन-सेकंद. मोजलेले ११.४ आता आदर्शाच्या ९६ टक्के आहे. जुन्या आकड्यावर एक रेघ मारली, तारीख लिहिली. अर्ज तीन दिवसांपूर्वी गेला आहे आणि त्यात ९३ असे छापलेले आहे. मुलाखत मिळाली तर ही दुरुस्ती त्यांनी विचारण्याआधी मीच सांगेन. शनिवारी मैत्रीण येणार आहे. नवा दाबमापक लावून, रिकामी बाटली टांगून शून्य घेऊन, पाच चाचण्या पुन्हा करायच्या आहेत.